लाल टोपण

मास्तरांना एका जागी स्वस्थ बसता येत नसे, आणि पोटापाण्यासाठी त्यांनी धंदा निवडला होता तो दिवसभर बसून राहण्याचा. ते लोकांना गाडी चालवायला शिकवत. शिकणारा चाकावर, शेजारी मास्तर, आणि मास्तरांच्या पायाशी एक जादा ब्रेक नि जादा क्लच. शिकणारा नीट चालवत असला तरी मास्तरांचा पाय आपला तिथं नाचत असे. घरी फोन आला की बोलता बोलता स्वयंपाकघर, बाल्कनी, परत बाहेरची खोली अशा फेऱ्या. सिनेमाला गेले तर मध्यंतराआधी दोनदा उठून पाणी पिऊन येत. बायको बालवाडीत शिकवायची, म्हणून आसपासचे सगळे तिला बाई म्हणत, आणि चेष्टेत उचललेलं ते नाव घरातही रुळलं होतं. बाई म्हणायच्या, "माझ्या वर्गातली पोरं बरी. हाताची घडी म्हटलं की निदान दोन मिनिटं तरी टिकतात."

अलीकडच्या चुळबुळीचं कारण मात्र चेष्टेत सांगण्यासारखं नव्हतं.

मास्तरांना बरीच वर्षं मधुमेह होता. गोळ्या घेत, गोड टाळत, कधी चोरून खातही. पन्नाशी उलटली आणि एक गोष्ट हळूहळू बिनसत गेली. आधी एखाद्या वेळी, मग बहुतेकदा, मग नेहमीच. मन तयार, शरीर ऐकेना. पहिल्यांदा बाई म्हणाल्या, "दमला असाल." पुढच्या वेळीही तेच म्हणाल्या. नंतर त्यांनी काहीच म्हणायचं सोडलं, आणि मास्तरांना ते जास्त लागलं. मऊ गादीवर पाठ धरते, असं निमित्त काढून त्यांनी आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत हलवलं. सुट्टीच्या दिवशी ते गाडी धूत, पंखे पुसत, दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालत. घरातला एकही नळ गळत नव्हता, इतके ते अस्वस्थ होते.

शेवटी एकदा धीर करून ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर याच कामातले, शांत, हळू बोलणारे. त्यांनी आधी गोळ्या दिल्या. डोकं ठणकलं, नाक चोंदलं, बाकी काही नाही. दुसऱ्या गोळ्या दिल्या. तेच. मग म्हणाले, "साखरेनं तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्या मंद केल्यात. आता औषध थेट तिथंच द्यावं लागेल. इंजेक्शननं. तुमचं तुम्ही घ्यायचं."

मास्तर उठून उभेच राहिले. "तिथं? सुई?"

"बसा. ऐकायला वाटतं तेवढं दुखत नाही. मुंगी चावल्याएवढं."

"मुंगी तरी तिथं कुठं चावते, डॉक्टर."

डॉक्टरांनी ड्रॉवरमधून तीन-चार सिरिंजा काढून टेबलावर ठेवल्या. मास्तर परत बसले, पण खुर्चीच्या कडेवर. डॉक्टरांनी एकेक दाखवली. ही मोठी सिरिंज. हिला सुई वेगळी लावायची, सुई जाड, आणि आपलं औषध इतकं थोडं की हिच्या रेघांवर ते मोजताच येणार नाही. ही आखूड सुईची. इन्सुलिनवाले पोटावर टोचतात ती. ती वरवरच राहायची शक्यता, औषध पोचायला हवं तिथं पोचणार नाही. मग त्यांनी तिसरी पुढं केली. हीही इन्सुलिनचीच, बारकी नळी, एका मिलीची, सुई आधीच जोडलेली, अर्ध्या इंचाची, केसासारखी बारीक, वर नारिंगी टोपण. "ही तुमची. भीती वाटत असेल तर स्प्रिंगचं एक यंत्रही असतं. सिरिंज त्यात बसवायची, बटण दाबलं की सुई आपोआप आत जाते."

मास्तरांनी यंत्र हातात घेऊन बटण दाबून पाहिलं. खट्‌ आवाज झाला आणि यंत्र त्यांच्या हातून टेबलावर पडलं. "नको. आवाजानंच काम तमाम व्हायचं. साधीच बरी."

मग कुठं टोचायचं ते आलं. डॉक्टरांनी कागदावर एक गोल काढला. "वरच्या मधल्या भागात नाही, खालून तर अजिबात नाही. बाजूला. घड्याळ समजा. दहा वाजता किंवा दोन वाजता काटा असतो तिथं. एकदा इकडं, पुढच्या वेळी तिकडं."

मास्तर हसले. कितीतरी दिवसांनी हसले. "डॉक्टर, अहो, मी आयुष्यभर हेच शिकवतोय. स्टिअरिंगवर डावा हात दहावर, उजवा दोनवर."

"मग तुम्हाला वेगळं शिकवायला नको," डॉक्टरही हसले, आणि मग गंभीर झाले. "दहाच्या आकड्यापर्यंत औषध ओढायचं. जास्त नाही. टोचल्यावर कापूस लावून पाच मिनिटं दाबून धरायचं. आज घेतलं तर उद्या नाही. आणि एक पक्कं लक्षात ठेवा. चार तासांनंतरही उतरलं नाही, तर लाजून घरी बसायचं नाही. तडक दवाखाना गाठायचा."

पहिलं इंजेक्शन डॉक्टरांनी तिथंच आतल्या खोलीत दिलं आणि ते बाहेर जाऊन थांबले. खरंच फार दुखलं नाही. आणि थोड्या वेळानं, परगावी गेलेलं माणूस न कळवता दारात येऊन उभं राहावं तसं झालं. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचं त्यांनाच हसू आलं.

आता हे बाईंना सांगायचं कसं, हा प्रश्न उरला. औषधाची कुपी थंड जागी ठेवायची होती, म्हणून त्यांनी ती फ्रीजच्या दारात जॅमच्या बाटलीमागं लपवली. आज सांगू, उद्या सांगू, असं चाललं असताना एक दिवस ते घरी आले तर बाई स्वयंपाकघरात कुपी हातात घेऊन बसलेल्या.

"इन्सुलिन चालू झालं, आणि मला सांगितलंही नाहीत?"

हो म्हणून सुटता आलं असतं. क्षणभर मास्तरांच्या जिभेवर आलंही. पण बाईंचा चेहरा उतरला होता. "पाय कापण्यापर्यंत जातं हे दुखणं लोकांचं. तुम्ही बाहेर झोपता, माझ्याकडे बघत नाही, सारखे कुठं ना कुठं निघून जाता. मला काय काय वाटलं."

"काय वाटलं?"

"काहीही वाटलं. दोन वर्षं झाली. वाटायला काय लागतं?"

मग मास्तरांनी सांगितलं. टेबलाभोवती फिरत, खुर्च्या सरळ करत, मध्येच नळ घट्ट बंद करत, पण सगळं सांगितलं. बाई ऐकत राहिल्या. कुपी त्यांनी परत जागेवर ठेवली, या वेळी जॅमच्या पुढं.

"म्हणजे तुमचं मन माझ्यावरून उडालं नव्हतं?"

"माझं? मला वाटलं तुझं उडालंय."

बाई हसायला लागल्या आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. "दोघंही शहाणे."

रविवारी दुपारी पडदे ओढून त्यांनी पहिल्यांदा ते करून पाहिलं. औषध ओढलं, हवेचा बुडबुडा टिचकी मारून वर काढला, सगळं डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे. पण टोचायची वेळ आली की हात मागं यायचा. शेवटी बाई आपल्या वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "तिकडं बघा बरं, खिडकीत चिमणी आलीय." मास्तरांना इतकं हसू आलं की सुई बाजूलाच ठेवावी लागली. दुसऱ्या प्रयत्नात जमलं. बाकी दुपार त्या दोघांची. त्या आठवड्यात मास्तरांचं अंथरूण आत आलं, आणि पाठीचं दुखणं कुठं गेलं ते कुणी विचारलं नाही.

दवाखान्यातून मिळालेल्या सिरिंजा काही दिवसांनी संपल्या. इथं मास्तरांची लाज आडवी आली. घरासमोरच औषधाचं दुकान होतं, पण दुकानदाराचा मुलगा बाईंच्या वर्गात. त्या दुकानदारासमोर कसं मागायचं? म्हणून मास्तरांनी युक्ती काढली. त्या दिवसांत एक पार्लरवाली त्यांच्याकडे शिकत होती. तिला त्यांनी गाडी नेहमीच्या रस्त्यानं न नेता दूरच्या बाजारपेठेकडे वळवायला लावली आणि एका औषधाच्या दुकानासमोर थांबवलं.

"मास्तर, इथं थांबायला मनाई आहे. पाटी आहे बघा."

"म्हणूनच इंजिन चालू ठेवा. मी आलोच."

ते जवळजवळ पळतच दुकानात शिरले. "एक मिलीची इन्सुलिनची सिरिंज. अर्ध्या इंचाची सुई."

"चाळीसची देऊ की शंभरची?" दुकानदारानं विचारलं.

बाहेर हॉर्न वाजायला लागले होते. पार्लरवालीनं गाडी बंद पाडली होती आणि परत चालू करताना गाडी उड्या मारत होती. मास्तरांना वाटलं, दुकानदार किती नगांचं पाकीट हवं ते विचारतोय. शंभर घेऊन काय करायच्या? "चाळीसचीच द्या," म्हणाले, पैसे टाकले, पाकीट खिशात कोंबलं आणि धावत बाहेर आले. एवढ्याशा पाकिटात चाळीस नग मावले कसे, असं त्यांच्या मनात आलंही. पण तेवढ्यात गाडीचं नाक फुटपाथला टेकलं आणि तो विचार तिथंच राहिला.

पुढच्या रविवारी दुपारी त्यांनी नवं पाकीट फोडलं. टोपणं लाल होती. कंपनी वेगळी असेल, असं मनाशी म्हणून त्यांनी दहाच्या आकड्यापर्यंत औषध ओढलं. नळीत नेहमीपेक्षा जास्त दिसतंय असं वाटलं. पण दहा म्हणजे दहा. बाई आत वाट बघत होत्या, आणि मास्तरांच्या स्वभावात थांबणं नव्हतं.

पुढं जे व्हायचं ते झालं, छान झालं. बाई उठल्या, तोंड धुतलं, चहा टाकला. मास्तरांचं मात्र उतरेना. तासाभरानं ते म्हणाले, "जोरात लागू पडलंय आज." त्यानंतर ते बोलायचेच कमी झाले. ताठरपणाच्या जोडीला दुखणं आलं. मध्येच परगावी असलेल्या मुलीचा व्हिडिओवर फोन आला. मास्तर कमरेच्या वरचंच दिसेल अशा बेतानं भिंतीला धरून फिरत राहिले.

"बाबा, एका जागी बसा ना. मला चक्कर येतेय."

"बसतो, बसतो. जरा पाय मोकळे करतोय."

डॉक्टरांनी जिने चढल्यानं कधी कधी फरक पडतो असं सांगितलेलं मास्तरांना आठवलं. मास्तर पुढं घडी केलेली चादर धरून इमारतीचा जिना चढायला-उतरायला लागले. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "चादर वाळत घालायला निघालात?" मास्तर म्हणाले हो, आणि वर गेले. परत खाली आले तेव्हा चादर हातातच होती. काकू अजून दारात. "जागा नाही वर," मास्तर म्हणाले आणि कपाळावरचा घाम पुसत घरात शिरले.

बाई घड्याळाखाली उभ्या होत्या. "चार तास होत आले. चला."

"थोडं थांबू. उतरेल."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"अगं, तिथं काय सांगायचं? कुठल्या तोंडानं?"

"माझ्या तोंडानं. मी सांगते. चला."

प्रश्न गाडीचा होता. मास्तरांना धड बसता येत नव्हतं, चालवणं दूरच. बाईंकडे परवाना होता. कधीकाळी मास्तरांनीच शिकवलं होतं. पण शेजारी बसून ते इतकं बोलायचे, इतक्या वेळा स्टिअरिंगला हात घालायचे, की बाईंनी चाकाला हात लावणंच सोडून दिलं होतं. आज त्यांनी किल्ली उचलली आणि चाकावर जाऊन बसल्या. मास्तर शेजारच्या सीटवर मागं रेलून, एक हात छताच्या दांड्याला धरून, ओठ दाबून.

पहिल्या चौकात समोरून बस आली आणि मास्तरांचा पाय जादा ब्रेकवर गेला. गाडी भर रस्त्यात गचकन थांबली. मागून हॉर्न.

"पाय मागं घ्या," बाई म्हणाल्या.

"बस येत होती."

"मला दिसत होती. पाय मागं घ्या, नाहीतर इथंच उतरवते."

मास्तरांनी पाय मागं घेतला. उरलेल्या रस्त्यात त्यांनी पायाला कसं आवरलं ते त्यांनाच ठाऊक. दवाखान्याच्या आवारात बाईंनी गाडी वाकडी लावली, दोन जागा अडवून. मास्तर दार उघडून उतरले.

तातडीच्या विभागात खिडकीमागच्या नर्सनं विचारलं, "काय होतंय?" मास्तर भिंतीकडे बघत राहिले. आजूबाजूला माणसं होती. बाई खिडकीशी वाकल्या आणि पोरांना धडा सांगावा तशा सरळ, ठाशीव शब्दांत सगळं सांगून मोकळ्या झाल्या. नर्स हसली नाही, चमकलीही नाही. आत घेऊन गेले.

आत एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. "किती घेतलं?"

"दहा," मास्तर म्हणाले. "नेहमीचंच. एका रेघेनंही जास्त नाही."

बाईंनी पर्समधून रुमालात गुंडाळलेली सिरिंज काढली. निघताना त्यांनी ती आठवणीनं घेतली होती, टोपणासकट. डॉक्टरीणबाईंनी ती दिव्यासमोर धरून फिरवली. "आधीच्या सिरिंजेचं टोपण कुठल्या रंगाचं होतं?"

"नारिंगी."

"हं. इन्सुलिन दोन ताकदींचं मिळतं, म्हणून सिरिंजाही दोन तऱ्हेच्या. नारिंगीवर एका मिलीचे शंभर भाग केलेले असतात, या लालवर चाळीसच. त्यामुळे हिच्यावरचा प्रत्येक भाग मोठा. दहाचा आकडा तोच, पण औषध अडीच पट गेलंय तुमच्या अंगात."

मास्तरांना दुकान आठवलं. चाळीसची की शंभरची. त्यांनी डोळे मिटून घेतले.

पुढचं फार सुखाचं नव्हतं. बधिर करून बाजूनं सुई घातली, साचलेलं रक्त ओढून काढलं, उतरायचं औषध थोडं थोडं देत राहिले आणि शेजारी रक्तदाबाचं यंत्र टिकटिकत राहिलं. मास्तरांनी बाईंचा हात इतका घट्ट धरला होता की त्यांच्या बांगडीचा वळ हातावर उठला. सगळं शांत झाल्यावर मास्तरांनी हळूच विचारलं, "कायमचं बिघडलं का?"

"नाही. वेळेत आलात. सकाळपर्यंत थांबला असतात तर वेगळं काही सांगावं लागलं असतं."

त्यानंतर मास्तरांनी तो विषयच बंद केला. कुपी फ्रीजमध्ये मागं मागं सरकत गेली. सुट्टीच्या दिवशी गाडी पुन्हा चकचकीत व्हायला लागली, पंखे पुसले जायला लागले, आणि एका दुपारी बाईंना त्यांचं अंथरूण परत बाहेरच्या खोलीत दिसलं.

"हे काय?"

"पाठ," मास्तर म्हणाले.

बाईंनी उशी उचलून काखेत मारली. "एखाद्यानं एकदा गाडी ठोकली म्हणून तुम्ही त्याला शिकवणं बंद करता का?"

"काहींचं करतो."

"अहो, मी थट्टा करत नाहीये. मला ते इंजेक्शन नकोय, ते तुम्हाला हवं असेल तर घ्या, नको असेल तर राहू द्या. पण तुम्ही बाहेर गेलात की मला आत एकटीला राहावं लागतं. तेवढं समजून घ्या."

मास्तर बराच वेळ एका जागी उभे राहिले. मग अंथरुणाची दुसरी बाजू त्यांनी उचलली.

डॉक्टरांकडे ते दोघं मिळून गेले. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चूक माझीही आहे. मी नुसता आकडा सांगितला. सिरिंज बदलली की आकड्याला अर्थ राहत नाही, हे सांगायला हवं होतं." औषध आधीपेक्षा कमी केलं, आकड्याबरोबर मिलीचं मापही सांगितलं आणि बाईंनाही भरायला शिकवलं. बाईंनी नळी डोळ्यांच्या रेषेत धरली आणि बुडबुडा काढला. त्यांचा हात जराही हलला नाही.

सिरिंजा मात्र मास्तरांनीच आणल्या, समोरच्या दुकानातून. "एक मिलीची. शंभरची म्हणतात ती, नारिंगी टोपण. सुई अर्ध्या इंचाची." बोलताना कान तापले होते. दुकानदारानं पाकीट काढून समोर ठेवलं आणि विचारलं, "आमचा लेक वर्गात बसतो का हो नीट? घरी तर क्षणभर टिकत नाही." मास्तरांनी पाकिटावरचा रंग दोनदा पाहिला आणि म्हणाले, "बाईंना विचारून सांगतो."

कमी केलेल्या औषधानं पहिल्या वेळी अर्धवटच जमलं. मास्तर धडपडून उठायला लागले तर बाई म्हणाल्या, "राहू द्या. चालतं." आणि खरंच चाललं. पुढं डॉक्टरांनी माप हळूहळू जुळवत आणलं. आता कधी छान जमतं, कधी नाही. कित्येक रविवारी त्यांना कुपीची आठवणही होत नाही.

परवा मुलगी राहायला आली होती. कपाटावर ठेवलेला जाड प्लास्टिकचा झाकणाचा डबा तिला दिसला. वापरलेल्या सुया त्यात टाकायच्या आणि भरला की दवाखान्यात नेऊन द्यायच्या. "आई, हे काय?"

मास्तर बाल्कनीकडे निघालेच होते.

"बाबांचं औषध," बाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "वापरलेल्या सुया आहेत त्यात, हात लावू नकोस."

"कसलं औषध?"

बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर परत आले आणि खुर्ची ओढून बसले. "आमचं आहे," ते म्हणाले. "दोघांचं."

मुलीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग डब्याचं झाकण नीट लागलंय ना ते पाहून तिनं तो कपाटावर आणखी मागं सरकवला, आणि भाजीची परात स्वतःकडे ओढून घेतली.